निळ्या दोऱ्याचे दोन टाके

लग्न होऊन नेकनूरला आले तेव्हा मला मांजरपाट आणि पॉपलीन यांतला फरकही धड सांगता येत नव्हता. सासरचं कापडाचं दुकान. बायका बाईपाशी मोकळेपणी बोलतात म्हणून सासूबाईंनी पहिल्याच वर्षी मला गादीवर बसायला लावलं. मी शिकले, आणि जरा जास्तच शिकले. कापड दोन बोटांच्या चिमटीत धरलं की सूत कसलं आहे, रंग किती धुण्यांत उतरेल, सगळं सांगायची. गिऱ्हाइकं म्हणायची, वैनीच्या बोटांत डोळे हायत. ते ऐकायला मला फार आवडायचं.

दिवस बदलाचे होते. टीव्हीवर एखादी साडी दिसली की आठवड्यात बायका तसलीच मागायला यायच्या. शेजारी एसटीडीचा पिवळा बूथ झाला आणि मालाची ऑर्डर फोनवर जाऊ लागली. नऊवारी लुगड्यांचा कप्पा आकसत गेला, सुरतेच्या सहावारी साड्या छतापर्यंत पोचल्या. घाईघाईत छापलेला माल, त्यात खोटही पुष्कळ निघायची. गठ्ठा फोडला की एकेक नग तपासायचं काम माझं. खोट सापडली की मी त्या साडीच्या आतल्या कोपऱ्याला निळ्या दोऱ्याचे दोन टाके घालायची. ही युक्ती माझीच. खालच्या अंधाऱ्या कप्प्यात हात घातला तरी बोटाला टाके लागायचे, आणि खोटका माल चांगल्या गिऱ्हाइकाला जायचा नाही.

ही सवय कापडापुरती राहिली असती तर लिहायचं काही कारण नव्हतं. पण दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक बाईला मी बसल्या जागेवरून टाके घालायला लागले. ही फुकटची गठ्ठे उलगडायला लावणारी. ही नवऱ्याला घाबरणारी. हिचे हात बघा, घर कसं ठेवत असेल. मनात आलेलं तिथंच राहिलं असतं तरी चाललं असतं, पण माझ्या जिभेला हाड नव्हतं. बायका हसायच्या आणि मला वाटायचं, आपल्याला माणसांची पारख आहे.

सगळ्यांत मोठा टाका मात्र माझ्या स्वतःच्या अंगावर होता आणि तो मी कुणाला दिसू देत नव्हते. मुलगी झाली तेव्हा मला दूध आलं नाही. शतावरी झाली, अळीव झाले, डिंकाचे लाडू झाले. पोर रडरड रडायची आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायची. कामातून गेलेली आई, असंच मी स्वतःला म्हणत होते. तेव्हा डोंगराकडच्या वस्तीवरची एक धनगर म्हातारी बाजाराला आली होती. ती आमच्या दुकानाच्या पायरीवर टेकून पाणी प्यायची, एवढीच काय ती ओळख. आतून रडणं ऐकून तिनं सासूबाईंना विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी कोसभर चालत शेळीच्या दुधाचा गडवा घेऊन यायला लागली. पाणी किती घालायचं तेही तिनंच सांगितलं. दोन-अडीच महिने तिनं एक दिवस चुकवला नाही. सासूबाई पैसे देऊ लागल्या तर म्हणाली, "लेकराच्या दुधाचं कुनी घेत असतंय का?"

मी तिला मावशी म्हणायची. ती माझ्या आईपेक्षाही मोठी, पण ती मला 'तुमी' म्हणायची आणि मी तिला 'तू'. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पोर गाईच्या दुधावर आली तेव्हा मी मावशीला दुकानातली एक साडी दिली, ओटी भरली. तिनं साडी कपाळाला लावली. पुढंही ती दर बाजाराला यायची, पायरीवर बसून माझं काम बघायची. एकदा तिनं विचारलं, "ह्ये निळं टाकं कावून घालता वो?" मी ऐटीत सांगितलं, खोट असली की घालते, म्हणजे फसगत होत नाही. "हुशार हायसा," ती म्हणाली.

मुलगी चार वर्षांची झाली आणि धाकट्या दिराचं लग्न निघालं. मांडवात आहेर सुरू होता. बाहेर लाउडस्पीकरवरून नावं पुकारत होते. आत मी थोरली सून म्हणून बायकांचे आहेर घेत बसले होते. अंगावर नवी साडी, भोवती पंधरा-वीस बायका, आणि माझ्या तोंडाचा पट्टा जोरात चाललेला. प्रत्येक साडी चिमटीत धरायची, काहीतरी बोलायचं, बायकांनी हसायचं. त्यात मावशी आली. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "वैनी, ही तुमाला." मी कागद सोडला. जांभळी, सोनेरी बुट्ट्यांची, घड्यांवर पिवळट पडलेली. पदराजवळ छपाई सरकून एकेका बुट्ट्याचे दोन-दोन झालेले. मी ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि म्हटलं, "मावशी, कुण्या दुकानदारानं फशिवलं गं तुला? असली तर आमी गठ्ठा बांधायलाबी वापरत न्हाई."

बायका खो खो हसल्या. मावशीही हसली, तोंडावर पदर धरून. "न्हाई वो," ती म्हणाली, "दुकान चांगलं हाय."

त्यावर आणखी हशा पिकला. ती पंगतीला बसली, जेवली आणि गेली. माझा निरोप घ्यायला आली होती की नाही, ते आठवत नाही, म्हणजे मी बघितलंच नसणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आहेराचे ढीग लावत होते. ठेवायच्या, पुढं फिरवायच्या आणि कामाच्या बायकांना द्यायच्या. जांभळी साडी तिसऱ्या ढिगात टाकताना कोपरा बोटाला लागला. दोन टाके. मी उलटून बघितलं. निळा दोरा, माझीच गाठ. बोटांत डोळे असलेल्या बाईला आपलीच साडी ओळखू आली नव्हती.

खरी लाजेची गोष्ट याच्या पुढं आहे. मला त्या क्षणी लाज वाटली नाही, राग आला. म्हातारीनं मुद्दाम केलं, चार बायकांत माझं नाक कापायला माझीच साडी माझ्या हातात दिली, असंच मला वाटलं. मी तणतणत सासूबाईंकडं गेले आणि साडी त्यांच्या पुढ्यात टाकली. "बघा आत्याबाई, वरून साधी दिसती, पर किती पाताळयंत्री हाय म्हातारी!"

सासूबाईंनी कोपरा चाचपला. म्हणाल्या, "तिनं मुद्दाम दिली म्हनतीस. आन तू कशी दिलतीस?"

कशी दिली होती ते मला चांगलं आठवत होतं. हाताशी चांगल्या साड्या होत्या. मी वाकून खालच्या कप्प्यात हात घातला होता आणि टाके लागेपर्यंत चाचपडत राहिले होते. कंजूषपणा हे त्याचं निम्मंच कारण. ती म्हातारी रोज गडवा घेऊन दारात उभी राहायची आणि रोज मला आठवण व्हायची की माझ्या लेकराला जे मी देऊ शकत नाही ते हिची शेळी देते. तिचे उपकार मला सोसत नव्हते. तिला खोटका नग दिला की आपण जरा वर राहू, असं काहीतरी माझ्या मनात होतं. आणि ती आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई. तिला सहावारी साडीचा उपयोग काय, हेसुद्धा मी बघितलं नव्हतं.

मग मात्र मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. जेवण जाईना. दुकानात बसायचं सोडलं. नवी साडी पेटीत टाकली आणि जुनेर नेसून फिरायला लागले. मी वाईट, माझ्यासारखी नीच बाई गावात नाही, असं रात्रंदिवस मनात घोळवत होते, आणि कुणी विचारलं की डोळ्यांना पदर लावत होते. बाजाराचा दिवस आला. मावशी आली नाही. पुढच्या बाजारालाही पायरी मोकळीच राहिली.

एका सकाळी सासूबाईंची शिवपूजा आटोपली. तळहातावरचं इष्टलिंग वस्त्रात गुंडाळून त्यांनी गळ्यात घातलं आणि मला हाक मारली. "जेवली का?" मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "आदी दुसऱ्याला टाकं घालत व्हतीस, आता सोताला घालत बसलीस. मी अशी, मी तशी. ह्याच्यात ती म्हातारी कुठं हाय गं? समदं तुझंच चाललंय."

त्या शब्दांनी तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच, आठ-दहा दिवस मी माझ्या पापाचं एवढं कौतुक करत होते की ती बाई जेवली का, आजारी आहे का, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी उठले, दोन भाकरी खाल्ल्या, जांभळी साडी पिशवीत घातली आणि वस्तीची वाट धरली.

उन्हं चांगली वर आली होती. मेंढरं रानात गेली होती, काटेरी कुंपणाचं त्यांचं वाडगं रिकामं होतं. मावशी सपराच्या सावलीत लोकर पिंजत बसली होती. मी अगदी जवळ जाईपर्यंत तिनं ओळखलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दोन्ही बुबुळं ढवळी. एवढे दिवस ती माझ्यासमोर पायरीवर बसत होती आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाजाराला का आली नाही म्हणून विचारलं तर म्हणाली, "वाट दिसंना झाली वैनी. कुनी संगं असलं तर येती."

तिनं शेळीच्या दुधाचा चहा केला. मी पिशवीतून साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. माफी कशी मागायची ते वाटेनं घोकत आले होते, ते सगळं विसरले. नुसतं एवढंच म्हणाले, "मावशी, ही माझ्याच दुकानातली हाय. मीच दिलती."

"मला म्हाईत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "नेसाया येईना, मग टरंकात ठिवली व्हती. लगनाला रिकाम्या हातानं कसं यावं? घरात नवं येवडंच. म्हनलं, तुमच्या दुकानाचं हाय, तुमाला शोभंल."

मला टाक्यांचं विचारायचं धाडस होईना. तीच कोपरा शोधत म्हणाली, "ह्ये टाकं तेवडं काढायचं व्हतं. तुमच्या घरच्या बायकांनी बघितलं तर तुमाला बोल लागंल म्हून बसले व्हते काढाया. पर दिसंना. कापड फाटंल म्हून सोडलं."

म्हणजे तिला माहीत होतं. मी तिला खोटका नग दिला हे टाक्यांचा अर्थ सांगितला त्या दिवसापासून तिला माहीत होतं, आणि त्यानंतरही ती पायरीवर येऊन बसत होती. मी विचारलं, "तुला राग न्हाई आला?"

"कशाचा राग? बाळंतीन व्हता तुमी. जीव ठिकानावर न्हवता. हाताला लागली ती दिली असंल."

ही सवलत तिनं मला चार वर्षं दिली होती. मी कुणालाच कधी दिली नव्हती. आता गप्प बसले असते तर सगळं गोडीगुलाबीनं मिटलं असतं, तिच्या मनातली माझी किंमतही राहिली असती. पण ती सवलत मला घेववेना. मी म्हटलं, "न्हाई मावशी. हाताला लागली म्हून न्हाई दिली. मी हुडकून, निवडून दिलती."

ती लोकर पिंजायची थांबली. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला, आणि तो माझ्यामुळं उतरला होता. मी रडले नाही. रडले असते तर तिलाच माझी समजूत काढायला लागली असती. दातांनी गाठ तोडून मी ते दोन्ही टाके काढले. कापडाला चार बारीक भोकं राहिली.

मग ती म्हणाली, "निवडून दिली व्हय?" आणि थोड्या वेळानं, "मंग आता येकदा चांगली निवडून द्या."

पुढच्या बाजारी ती नातवाचा हात धरून आली. मी तिला पायरीवर बसू दिलं नाही, गादीवर घेतलं. सासूबाई समोर होत्या, दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मी वरच्या कप्प्यातली इरकली लुगडी काढली आणि पुढ्यात मांडली. "तुमी बघा मावशी," मी म्हटलं. जीभ जरा अडखळली त्या 'तुमी'वर. हिरव्या काठाचं एक लुगडं तिनं हातात घेतलं. माझ्यासारखंच दोन बोटांच्या चिमटीत धरून बघितलं. मग ते उलगडलं आणि एकेक करून चारी कोपरे बोटांनी चाचपले. सावकाश, नीट, जिथं टाके असतात तिथं अंगठा फिरवत.

दुकानात सगळे बघत होते. माझे कान तापले. पूर्वीची मी असते तर काहीतरी बोलून हशा पिकवला असता. मी म्हटलं, "बघा मावशी. आतल्या अंगानंबी बघा."

तिनं आतल्या अंगानंही बघितलं.