विजापूरकर हंबीरराव

पन्हाळ्याच्या पायथ्याला, कोडोलीकडच्या एका वाडीत, दर वर्षी यात्रेला लढाई होते. एके काळी गडाखालच्या मुलखात विजापूरकरांची फौज मराठ्यांना भिडली आणि मार खाऊन पळाली, एवढ्या इतिहासावर गाव खूश आहे. अडचण एकच. मराठा व्हायला अख्खी वाडी तयार, विजापूरकर व्हायला कुणी फिरकत नाही. म्हणून तरणेपणी हंबीररावाच्या गळ्यात विजापूरच्या सरदाराचं सोंग पडलं ते कायमचंच. कारण त्याच्याकडे घोडी होती आणि कुणाला नाही म्हणायची सवय नव्हती.

तसा हंबीरराव सुखी माणूस. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, दिवसभर उसात राबायचं. सोंगही त्यानं मनापासून केलं. मिशीला पीळ, अंगात बायकोच्या जुन्या शालूचा झगा. हलगीचा ठेका बदलला की सरदारानं पळ काढायचा आणि मागून गावानं त्याची हुर्यो उडवायची. तो ठेका चिंगी घोडीला इतका पाठ झाला होता की टाच मारावी लागत नसे. मैदानातून सुटली की ती थेट घरच्या गोठ्यापाशी थांबायची.

सल एकच होता. त्याची बायको तानाबाई लढाई बघायला कधी आली नाही.

"नवऱ्याला पळताना बघाय कोण जातंय?" ती म्हणायची. "पळून घरलाच येतासा की. हितनं दिसतंय मला." आणि ताकाचा तांब्या घेऊन दारात उभी राहायची. हंबीररावाला फार वाटे, एकदा तरी हिच्यादेखत जिंकावं.

यंदा तालमीचा अमरसिंह घरी आला. "तात्या, लई वर्सं पळालासा. औंदा मराठ्यांचं सेनापती तुमी. ईजापूरकर आमचा विश्वजित हुतोय."

विश्वजित म्हणजे अमरसिंहाचा धाकटा भाऊ, कागलच्या एमआयडीसीत कामाला. सोंगाचा अनुभव शून्य, पण अंगानं चांगला उंचापुरा. हंबीररावाला त्या रात्री झोप लागली नाही. यात्रेच्या दिवशी तानाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, घराला कुलूप घातलं आणि मैदानात जाऊन सगळ्यांच्या पुढं बसली.

भगवा फेटा बांधलेला हंबीरराव असा काही लढला की विश्वजितला खरोखरच घाम फुटला. तो मागं मागं सरकू लागला. हंबीररावानं चोरून तानाबाईकडे पाहिलं. ती पदर सावरून एकटक बघत होती. तेवढ्यात हलगीचा ठेका बदलला.

आता पळायचं होतं विश्वजितनं. पण ठेका चिंगीनंही ऐकला. तिनं कान टवकारले, गर्रकन वळली आणि मराठ्यांच्या सेनापतीला घेऊन धूम पळत सुटली. हंबीररावानं लगाम ओढून पाहिला, शिव्या दिल्या, शेवटी विनवण्याही केल्या. मैदानात विजापूरचा सरदार एकटाच उरला, आता जिंकलो की काय, या काळजीत. गाव पोट धरधरून हसत होतं.

चिंगी गोठ्यापाशी थांबली. दाराला कुलूप होतं. हंबीरराव पायरीवर टेकला. लाज वाटत होती, पण त्या कुलपाकडे बघून त्याला जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं हरून आलो, पण हे दार कधी बंद दिसलं नव्हतं, हे त्याच्या आजच ध्यानात आलं. जिंकायच्या नादात आपण हिला दारातून उठवलं, असं त्याला वाटून गेलं.

थोड्या वेळानं तानाबाई धापा टाकत आली. पदर तोंडाशी होता आणि खांदे हलत होते.

"मी तिकडं जिंकताना बघाय गेलते," ती कशीबशी म्हणाली, "आन् तुमी हिकडं?"

मग तोही हसला. तिनं कुलूप काढलं, ताकाचा तांब्या आणला. तो घटाघटा प्यायला आणि मिशी पुसत म्हणाला, "फुडल्या साली आपण ईजापूरकरच."

"व्हा की," रिकामा तांब्या घेत तानाबाई म्हणाली. "मी हाय दारात."