कुसुमला लुगडं कोणी नेसवलं

तुमच्या मासिकातलं हे विलक्षण अनुभवांचं सदर मी दर महिन्याला वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. वीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला एवढं कळतं की हरवलेली वस्तू बहुतेक वेळा ठेवलेल्या जागीच असते, आणि दिसलेलं भूत दोरीवर वाळत घातलेलं धोतर असतं. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. पण एक गोष्ट मला काही केल्या जागेवर लावता येत नाही... ती घडली तशी, क्रमाने लिहिते.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची दोनेक वर्षं. मालवणातली आमची मुलींची शाळा. बैठी कौलारू इमारत, मधे हॉल, हॉलच्या बाजूने व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला नकाशांची खोली. या खोलीला दार एकच, व्हरांड्यात उघडणारं. खिडकी एक, गजांची — त्यातून हात बाहेर जाईल, माणूस जाणार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्ही विचारालच.

त्या वर्षी गॅदरिंगला मुलींनी दशावतार करायचा, असं आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी ठरवलं. परगावच्या वाचकांसाठी सांगते — दशावतार हा आमच्याकडचा जत्रेतला खेळ. तो पुरुषच करतात. राण्या आणि राजकन्याही पुरुषच होतात, नऊवारी लुगडं नेसून. संवाद लिहिलेले नसतात, ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. गावात कुजबुज झाली तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "त्यांचे पुरुष बायका होतात, आमच्या मुली पुरुष होतील. झाली फिट्टंफाट!"

सगळी व्यवस्था माझ्याकडे आली. सुचेल ते बोलायचं, ही पद्धत मला मानवणारी नव्हती. मी रुक्मिणी स्वयंवराचे संवाद वहीत लिहून काढले, बावीस पानं. पखवाज वाजवायला आणि मुलींना चार गोष्टी दाखवायला एका दशावतारी मंडळीतले निवृत्त तात्या येत. त्यांनी वही चाळली आणि परत दिली.

"बाई, ह्या पाठ करून खेळ होयत. पण रुक्मिणीक राग येवचो नाय."

"का नाही येणार? पान अकरावर लिहिलाय राग."

तात्या नुसते हसले.

रुक्मिणी होती नववीतली कुसुम. तिचे वडील दशावतारातच होते, स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं, करायचे. चार वर्षांपूर्वी जत्रांच्या दिवसांत मंडळी दूर दोडामार्गाच्या पलीकडे गेली असताना त्यांना ताप आला आणि दोन दिवसांत ते गेले. तिथेच सगळं आटोपलं. बातमी घरी पोचली तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून कुसुमच्या घरात नाटकाचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून परवानगी मागायला मी स्वतः गेले. आई माडांना पाणी लावत होती. तिने पाय धुतले आणि येऊन समोर बसली.

"तुमी इलास म्हणान नाय म्हणणंय नाय बाई. पण ह्यो एकच खेळ. मगे शाळा बस. मुंबैक भावाकडे पाठवतलंय तिका."

"अहो, दोन वर्षांत मॅट्रिक होईल ती. हुशार आहे."

"हुशार तेंव होते. तोंडाक एकदा रंग लागलो काय तो सुटणा नाय. माजो एक माणूस तेच्यापायी गेलो, आता दुसरा जावक देवचंय नाय."

मी "निदान बघायला तरी या," एवढंच म्हणाले. ती "बगतंय" म्हणाली आणि पुन्हा माडांकडे गेली. माझा हिशेब साधा होता — मुलीने काम चांगलं केलं आणि आईने ते डोळ्यांनी पाहिलं, तर कदाचित मन बदलेल. दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता.

गॅदरिंगचा दिवस. खेळ साडेतीनला. कोणाला कोण, कुठे आणि किती वाजता नेसवणार याचा कागद मी दारावर चिकटवला होता. कुसुमच्या नावापुढे माझं नाव, तीन वाजता, नकाशांची खोली. लुगडंही माझंच, हिरवं. तिच्या चेहऱ्याला सफेदा लावून होतोय तोच शिपाई धावत आला — पाहुणे अर्धा तास लवकर आलेत, मोठ्या बाई बोलावतायत. मी कुसुमला म्हटलं, "डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून उभी राहा. रंग वाळू दे. आलेच मी."

आलेच कसली! ऑफिसात चहाचे कप होते, बशा नव्हत्या. बशा शोधल्या, तर पाहुण्यांना शाळेचा इतिहास ऐकायचा होता. परत निघाले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. लुगडं नेसवायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती. नकाशांच्या खोलीच्या उंबऱ्यावर पुष्पी खोलीकडे पाठ करून आरसा घेऊन बसली होती. ती रुक्मिणीचा भाऊ रुक्मी.

"बाई, माजी मिशी घामान सुटता गो!"

"गो काय, पुष्पी? डिंक लाव आणि तोंड मिटून बस!"

आत गेले तर कुसुम तयार. लुगडं चापूनचोपून नेसलेलं, काष्टा घट्ट, पदर जागच्या जागी. मला वाटलं, देवासारखी कोणाची तरी आई धावून आली. एक गोष्ट खटकली — निऱ्या उलट्या होत्या, त्यांची तोंडं भलत्या बाजूला. पण घंटा झाली. सुधारायला वेळ नव्हता.

मी वही घेऊन पडद्याआड बसले. कुसुमची आई हॉलमध्ये अगदी शेवटी, भिंतीला टेकून उभी होती. पान अकरापर्यंत सगळं वहीबरहुकूम चाललं. रुक्मी बहिणीवर ओरडायला पुढे झाला आणि त्याची मिशी गळून स्टेजवर पडली. हॉल हसायला लागला. पुष्पी पुढचं सगळं विसरली. मी आडून वाक्य सांगतेय, पण तिला ऐकूच येत नाही. रडायच्या बेतात होती पोर.

कुसुम दोन पावलं पुढे आली. मिशी उचलून तिने भावाच्या हातावर ठेवली.

"दादा, स्वतःची मिशी सांभाळता येत नाही तुला, आणि माझं लग्न ठरवायला निघालास?"

हे माझ्या बावीस पानांत कुठेच नव्हतं. हॉल असा काही उसळला की तात्यांना पखवाजावर थाप देऊन तो शांत करावा लागला. मग ती बोलतच राहिली. माझं लग्न मला न विचारता कोणी ठरवलं, माझं तोंड कोणी बंद केलं... घडाघडा, डोळ्यांत पाणी आणून. रुक्मिणीला राग आला होता. मी वही मिटून मांडीवर ठेवली.

खेळ संपल्यावर नकाशांच्या खोलीत मी तिचं लुगडं सोडवायला घेतलं. कमरेची गाठ सुटेना. नखं दुखली, पण छे! तेवढ्यात तिची आई दारात आली. मला वाटलं, आता मुंबईचंच काढणार. पण ती निऱ्यांकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने गाठीचं एक टोक अलगद ओढलं. गाठ सुटली. कुसुम परकर-पोलक्यात उड्या मारत मैत्रिणींकडे पळाली.

आई लुगडं मांडीवर घेऊन खालीच बसली.

"बाई, हिका कोणी नेसवल्यान?"

"मला माहीत नाही. मी नव्हते इथे."

"ह्यो निऱ्यो डाव्या हातान घातलेल्यो." ती बोटांनी चुण्या चाचपत होती. "ते डावरे. लगीन झाल्यार मीच तेंका लुगडां नेसाक शिकवलंय. आमी समोरासमोर उभी रवत होतो. माजा बगून शिकले, पण सगळा उलटा. जत्रेत कोणाक कळणा नाय, माका कळता. आणि ही गाठ... रातभर नाचला तरी सुटाची नाय. सोडवची कशी, ता मी सोडून कोणाक ठावक नाय."

मी दारातून पुष्पीला हाक मारली. विचारलं, मी नसताना आत कोण गेलं होतं?

"खंय कोण बाई? दारात मीच बसलेलंय ना सगळो वेळ. तुमी गेलास, मगे तुमीच इलास."

 कुसुमच्या आईने लुगड्याची घडी घालायला घेतली, एकेक काठ जुळवत, अगदी सावकाश.

"चार वर्सां मी तेंच्यार रागावलेलंय बाई. माका टाकून गेले म्हणान. तोंडसुद्धा बगूक गावाक नाय..." घडी माझ्या हातात देताना ती म्हणाली, "पोरीक काय सांगू नकात. भियात ती. सोमवारी शाळेत येतली."

कुसुम सोमवारी आली. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, मी गेल्यावर तू काय केलंस? ती गोंधळली. "तुम्ही लगेच परत आलात की बाई. मी डोळे मिटूनच होते. तुम्ही पाठीमागून नेसवलंत, काहीच बोलला नाहीत. मी घाबरून वाकले होते ना, तर तुम्ही मानेवर बोट ठेवून मला ताठ केलंत. मग भीती गेली."

मी "बरं" म्हटलं. 

ती मॅट्रिक झाली, ट्रेनिंग कॉलेजला गेली. आज शिक्षिका आहे, मुलींची नाटकं बसवते. दर वर्षी गॅदरिंगच्या दिवसांत तिचं मला पत्र येतं आणि त्यात त्या बोटाचे आभार असतात. दर वर्षी मी उत्तरात हवापाण्याचं लिहिते. गेल्या महिन्यात तिची आई भेटली. म्हणाली, "आता सांगा तिका बाई. माज्यान बोलवणा नाय." माझ्यानेही तोंडावर बोलवत नाही, म्हणून इथे लिहिलं. हे सदर ती वाचते.

खोलीला दार एकच, दारात पुष्पी, खिडकीला गज. कागदावर तीन ते तीन-वीस ही वीस मिनिटं माझ्या नावावर आहेत आणि ती माझी नाहीत. यापुढे मला काही सांगता येत नाही, आणि मी बनवून सांगणार नाही.

कुसुम, ते बोट माझं नव्हतं गं. मी तेव्हा ऑफिसात बशा शोधत होते. यंदाचं पत्र मला पाठवू नकोस. आईकडे जा आणि तिला वाचून दाखव.