हळदीचा शेक, विहिरीचा दोर आणि माझा अंबाडा

चार महिने माझी वेणी नवऱ्याने घातली. उजवा खांदा इतका आखडला होता की हात कानाच्या वर जाईना. आधी शेक, मग दोर ओढायचा व्यायाम, शेवटी गार पट्टी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घरी आज करू, उद्या करू. इतक्यात शाळेतल्या मैत्रिणीचा, सुनंदाचा, कळमनुरीजवळच्या शेतावरून फोन आला, "हळद शिजून राहिली, आठ दिवस ये!" अंबाडा स्वतः घालूनच परतेन, असं जाहीर करून मी निघाले. नवरा गालात हसला.

नांदेडहून एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं रडगाणं नाही. फेब्रुवारीत जाणार असाल तर शाल न्या, पहाटे चांगलंच गारठतं.

शेतात हळदीच्या कुकरमधून वाफेचे लोट निघत होते. सुनंदाच्या आईने, म्हणजे मावशींनी, "जय भीम" म्हणतानाच माझा हात हेरला. कुकरमधल्या हळदीवर झाकलेलं ओलं, गरम बारदान स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं आणि मगच माझ्या खांद्यावर टाकलं. "सोसंल तेवढंच. कातडं भाजलं तर तकलीफ दुप्पट." काय सुख होतं ते!

मला मात्र 'शेकानंतर थेट गार पाण्यात बुडी मारा' सांगणाऱ्या मोबाइलवरच्या व्हिडिओंनी शहाणं केलेलं. शेकातून उठून तडक विहिरीत उतरायला निघाले. मावशींनी पदरच धरला.

"काहून जिवावर उठून राहिली? अंग तापलेलं, पाणी गार. छातीत कळ आली म्हंजी?"

त्यांनी हातात कप्पीचा दोर दिला, खाली छोटी बादली. ओढताना लक्षात आलं, दवाखान्यातला व्यायाम तो हाच, ज्याला मी दांड्या मारत होते. मग विहिरीच्या पाण्यात पिळलेला टॉवेल खांद्यावर. अगं आई गं!

रोज सकाळी हेच. वर भाकरी, ठेचा आणि हरभऱ्याची भाजी. खांदा सुटायला आलाच होता, हे डॉक्टर आधीच म्हणाले होते, श्रेय त्यांचंही. पण सातव्या दिवशी हात डोक्यामागे गेला, पिना लागल्या आणि मी अशी ओरडले की हळद पसरणाऱ्या बायका धावत आल्या.

"काय झालं वं?"

"अंबाडा झाला!"

घरी आले तेव्हा नवरा सवयीने फणी घेऊन उभा. मी पाठ वळवून दाखवली. त्याने बराच वेळ निरखलं.

"डावीकडं कललाय."

"कलू दे. मी घातलाय," म्हणाले, आणि त्याच्या हातातली फणी काढून घेतली. उजव्या हाताने, वरच्या फळीवर ठेवून दिली.