दत्तक पूर्वज

पूर्वज निवडता येत नाहीत, हा नियम जगात आजवर एकाच माणसाने मोडला असेल, आणि तो माणूस म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. नागपुरात जन्मलेले, टेलिफोन एक्स्चेंजचे इंजिनियर म्हणून साठच्या दशकात अमेरिकेत आलेले हे आमचे काका. डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोच्याही पुढच्या एका गावात त्यांनी घर घेतलं. इतरांना घराबरोबर फ्रिज मिळतो, डिशवॉशर मिळतो. काकांना एक खापरपणजोबा मिळाला. त्याचं नाव एझरा. सगळी वसाहत ज्या जमिनीवर उभी होती ती एकेकाळी या एझराची. तो टेनेसीहून बैलगाडीत बायकामुलं घालून आला, ओढ्याकाठी लाकडाचं खोपट बांधलं, आणि येऊन राहील त्याला जमीन फुकट असा तो जमाना असल्यामुळे बघता बघता नजर पोचेल तिथपर्यंतचा मालक झाला. काकांचा त्याच्याशी संबंध इतकाच, की त्यांच्या बेडरूमखाली कधीतरी त्याचा कापूस पिकत असे. पण काका त्याला 'एझरापंत' म्हणत, त्याच्या बायकोला 'मार्थाबाई' म्हणत, आणि दोघांचा विषय निघाला की आवाज असा खाली आणत, की नवख्याला वाटावं, म्हातारा-म्हातारी आतल्या खोलीत नुकती पडली आहेत.

मी त्या वेळी डॅलसजवळच्या एका विद्यापीठात एम.एस. करत होते, म्हणजे कागदोपत्री करत होते. प्रत्यक्षात दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या राजवटीशी धंदा करणाऱ्या कंपन्यांमधून विद्यापीठाने पैसा काढून घ्यावा, म्हणून दिवसभर पत्रकं वाटत होते. मावशी मी यायच्या आधीच गेली होती. मुलगा दूर रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे दर शनिवारी काका मला आपल्या लांबलचक गाडीतून पिकअप करायचे आणि मी दार उघडताच म्हणायचे, "या पुढारी! या आठवड्यात कोणाचं सरकार पाडून राहिल्या?" घरात दोन खोल्यांत दोन टीव्ही चालू असायचे आणि काका तिसऱ्या खोलीत असायचे. "बघत नाही मी. पण कोणीतरी बोलून राहिलं पाहिजे ना घरात," असं त्यांनी मला पहिल्याच शनिवारी अगदी सहज सांगितलं होतं, जसं कुणी पंखा का चालू ठेवतो ते सांगावं.

त्यांच्या घरी आपल्या गाडीने पोचणं हा मात्र स्वतंत्र पराक्रम होता, कारण रस्ता सांगताना काका अमेरिकेचा चालू नकाशा मानतच नसत. "हायवे सोडला की पंतांचं कुरण लागते. कुरण संपलं की डावीकडे. मग त्यांची गिरणी, गिरणीपुढे विहीर, विहिरीपाशी उजवीकडे." कुरणावर डोनटचं दुकान, गिरणीच्या जागी कार वॉश आणि विहिरीवर बँक उभी राहिली आहे, हे सांगणं त्यांना क्षुल्लक वाटे. एकदा महाराष्ट्र मंडळाची कार्यकारिणी गणपतीच्या बैठकीला म्हणून त्यांच्याकडे निघाली, ती पोहे गार झाले तरी आली नाही. शेवटी कार्यवाहांचा रस्त्यावरच्या बूथमधून फोन आला. "अहो काका, कुठाय तुमची विहीर? आम्ही त्या बँकेला चकरा मारतोय, गार्ड आता गाडीचा नंबर लिहून घेतोय!" "मग बरोबर आलात की," काका म्हणाले, "तीच विहीर. गार्डला माझा नमस्कार सांगा नि उजवीकडे वळा."

काकांचा रस्ता होता लव्हिनिया लेन. बिल्डरने वसाहतीतल्या रस्त्यांना एझराच्या मुलाबाळांची नावं दिली होती आणि लव्हिनिया ही त्याची एकुलती एक लेक. "आपल्या पत्त्यात माहेरवाशीण आहे," काका म्हणत, आणि कोपऱ्यावरची तिच्या नावाची पाटी पुसून ठेवत. थोरल्या मुलाच्या नावाच्या रस्त्यावरून मात्र ते शक्यतो जात नसत. या थोरल्याने धाकट्या भावाशी ओढ्याच्या पाण्यावरून वैर धरलं, मधला कंटाळून कॅलिफोर्नियाला पळाला, नातवांनी जमीन गहाण टाकली आणि पणतूने उरलीसुरली बिल्डरला विकली. हे सगळं काकांनी कचेरीतली जुनी दप्तरं आणि लायब्ररीतल्या एका म्हाताऱ्या बाई यांच्याकडून मिळवलं होतं आणि ते सांगताना त्यांचा चेहरा खुलत असे. "वाटणी, बांध, पाणी, अबोला! सांग, आपल्याच घरची माणसं वाटतात की नाही? मी इथे आलो तेव्हा वाटलं, या लोकांना नातेवाईकच नसतात. पंत भेटले आणि जिवात जीव आला."

लेनच्या टोकाला, जुन्या शेतरस्त्याला लागून, अक्रोडाच्या जातीच्या एका पेकनच्या झाडाखाली या घराण्याचं लहानसं कब्रस्तान होतं. लोखंडी कुंपण, आत कललेले काही दगड. तिथलं गवत काका इतकं निगुतीने कापत, की त्यांच्या स्वतःच्या अंगणात गुडघाभर माजलेल्या गवताबद्दल रहिवासी संघाची नोटीस येई. दगड ते रिठ्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धूत. साबण नाही; साबणाने म्हणे अक्षरं झिजतात. रिठे नागपूरहून येत. कुणी भारतात निघालं की लोक मसाले सांगत, लोणची सांगत, काका एका परक्या माणसाच्या थडग्यासाठी रिठे सांगत.

आणि सर्वपित्री अमावास्येला ते तिथे पान मांडत. पहिल्या वर्षी त्यांनी साग्रसंगीत स्वयंपाक केला: खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं कागदी प्लेटमध्ये. टेक्सासात कावळ्यांना तोटा नाही. ते पेकनवर बसले, त्यांनी खाली पाहिलं आणि तोंड फिरवलं. काका उन्हात हात जोडून उभे. पंतांची कोणती इच्छा राहिली असेल म्हणून त्यांनी एकेक वचन देऊन पाहिलं: दगड सरळ करून घेईन, थोरल्याला माफ करा, ओढ्यातला कचरा काढतो. कावळा हलेना. मग दुसऱ्या वर्षी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, चूक माझीच होती. टेनेसीच्या माणसाला खिरीचं काय सुख?" त्यांनी मक्याची भाकरी आणि उकडलेल्या शेंगदाण्यांचं पान मांडलं, तर त्यांची पाठ वळायच्या आत पान साफ. मध्येच एक पोलिसाची गाडी थांबली. कुणीतरी तक्रार केली होती. "सर, इथे काय चाललंय?" काकांनी सांगितलं, "जेवण. हे घरमालक आहेत." पोलीस बराच वेळ दगडाकडे पाहत राहिला आणि टोपीला हात लावून निघून गेला.

आता स्पष्ट लिहिते: मला हा एझरा सहन होत नसे. फुकट मिळालेली जमीन कुणाची तरी हिसकावलेली असते, आणि कापूस काही त्याने एकट्याने वेचला नव्हता. हे मी काकांना पहिल्याच महिन्यात, त्यांचीच साबुदाण्याची खिचडी खाताना ऐकवलं. "तुमचे पंत म्हणजे माणसांचे मालक होते, काका. आधी इथे राहणाऱ्यांना हाकलून बसलेला जमीनदार. त्याला कसलं पाणी देता?" खिचडी संपल्यावर काका मला कब्रस्तानात घेऊन गेले आणि कुंपणाबाहेरची जागा दाखवली. गवतात ओबडधोबड दगडांची एक ओळ होती. नाव नाही, साल नाही. "ही त्याच्या गुलामांची," ते म्हणाले. "यांचीही पानं मांडतो मी. नावच माहीत नाही, त्यामुळे पाणी सोडताना अडखळायला होते. आणि त्यांच्या आधीच्यांचे तर दगडसुद्धा नाहीत." मी म्हटलं, "पान मांडून हिशेब मिटत नाही." "मिटत नाही गं," काका म्हणाले, "पण म्हणून उपाशी ठेवावं का?" माझा राग मात्र गेला नाही, अजूनही गेलेला नाही.

मग एका शनिवारी कुंपणाला नोटीस लटकलेली दिसली. शेतरस्ता रुंद होणार होता. थडगी उकरून गावाच्या मोठ्या कब्रस्तानात हलवणार, हरकत असल्यास वारसांनी सुनावणीला यावं. काकांनी ती नोटीस चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, आणि त्या दिवशी दोन्ही टीव्ही बंद करून बसले. रात्री मुलाला फोन लावला. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. "डॅड, कम ऑन. दे आर नॉट इव्हन अवर पीपल." "अरे पण," काका म्हणाले, "आपले पीपल इथे आहेत कोण?" मग हवापाण्याच्या गोष्टी झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पत्रक लिहायला सांगितलं. मी म्हटलं, लिहीन, पण सगळं लिहीन. जमीन कशी आली तेही, कुंपणाबाहेरची ओळही. काकांनी मजकूर शांतपणे वाचला. "'जमीनदार' लिहिलं ते खरंच आहे, राहू दे. 'शोषक' मात्र दोनदा झालं. एक काढ, बाकीचं वजन तसंही कमी नाही." आम्ही ती पत्रकं सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वाटली. मंडळाचे कार्यवाह भाजीची पिशवी घेऊन थबकले. "काका, आपण इथे पाहुणे आहोत. कशाला या भानगडी? लोकांच्या मढ्यांशी आपल्याला काय करायचंय?" काका म्हणाले, "वीस वर्षं टॅक्स भरून राहिलो मी. असा पाहुणा तुम्ही पाहिला का कुठे?"

सुनावणीला काका मावशीने निवडलेला टाय लावून आले. अध्यक्षबाई सभ्य होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला: "तुम्ही या कुटुंबाचे कोण?" कुरणापासून गहाणखतापर्यंत सगळं तोंडपाठ असलेला हा माणूस माइकसमोर नुसता उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी भन्नाट बोलतील. ते म्हणाले, "कुणी नाही, मॅडम. मी लव्हिनिया लेनवर राहतो." आणि खाली येऊन बसले.

खरी वारस निघाली ओहायोत. विमा कंपनीत काम करणारी एक हसरी बाई. तिने संमती देऊन टाकली होती. नवीन जागेत पार्किंग चांगलं आहे म्हणाली. एक दिवस ती येऊन गेली, तेव्हा काकांनी तिला सगळं शिवार फिरवून दाखवलं. बँकेसमोर उभं करून विहीर सांगितली. "माझ्या घराण्याचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे," असं ती मनापासून म्हणाली, तिने त्यांच्याबरोबर फोटो काढला आणि विमान गाठायला गेली. कुंपणाबाहेरच्या ओळीसाठी मात्र सही करायला जगात कुणीच नव्हतं. आणि पत्रकामुळे तिथे माणसं आहेत हे आता गावभर झालं होतं, तेव्हा त्यांना हात लावायचं धाडस कुणी केलं नाही. रस्ता तेवढ्यापुरता वळवला. मी हा विजय मानते. काकांनीही माझी पाठ थोपटली. पण ते पाहत होते कुंपणाच्या आत, जिथली थडगी हलणारच होती.

उकरण्याच्या दिवशी आम्ही दोघंच होतो, आणि कामाची माणसं. आत सापडलं फार थोडं: काळी माती, बटणं, पेटीच्या कड्या. ते लाकडी खोक्यांत भरलं आणि एझराचं खोकं दोन चाकांच्या हातगाडीवर टाकून ट्रककडे खडखडत नेलं. काका टोपी हातात घेऊन पाहत राहिले. मग मार्थाबाईचं खोकं हातगाडीवर चढवू लागले, तेव्हा ते पुढे झाले.

"हिला चाकांवरून नका नेऊ," ते फोरमनला म्हणाले, आणि हे त्याला इंग्रजीत सांगून झाल्यावर माझ्याकडे वळले. "तुझ्या मावशीला चाकांवरूनच नेलं गं इथे. चकचकीत गाडा होता, एका माणसाने ढकलला. खांदा द्यायला आम्ही सगळे उभे होतो, पण तशी पद्धत नाही म्हणाले. मी पण काही बोललो नाही. नवऱ्याने बोलायला पाहिजे होतं."

फोरमनने हातगाडी बाजूला केली. खोकं जेमतेम एका माणसाच्या हाताचं होतं, पण काकांना चार खांदे हवे होते. एका बाजूला फोरमन, एका बाजूला ट्रकचा ड्रायव्हर, पुढे काका. "ये पुढारी," ते म्हणाले, "चौथी तू." बायका खांदा देत नाहीत, यावर मी एरवी एक पत्रक लिहिलं असतं. त्या दिवशी नुसती जाऊन वाकले. फोरमन उंच, मी बुटकी, त्यामुळे खोकं सारखं माझ्याकडे कलत होतं आणि फोरमन माझ्यासाठी गुडघे वाकवून चालत होता. ट्रक अगदी समोर होता, तरी काका इतके हळू चालले की रस्त्यावरच्या दोन-तीन गाड्या आमच्यासाठी थांबल्या. मध्ये एकदा त्यांनी खांदा बदलला.

ट्रक गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "जड नाही ना झालं तुला?" मी म्हटलं, "नाही काका, हलकंच होतं." "हो, हलकंच होतं," असं म्हणून ते घराकडे निघाले, आणि लव्हिनिया लेन संपेपर्यंत त्यांचा डावा हात उजवा खांदा चेपत होता.