मापाचं पोलकं

द्वारकाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मानवतच्या बसस्टँडवर, आणि तेव्हा त्यांच्या हातात ब्लेड होतं. बाकावर माझ्या शेजारी एक अनोळखी बाई पाथरीच्या गाडीची वाट बघत बसली होती. भरल्या अंगाची. ब्लाऊजची बाही दंडात इतकी रुतलेली की खालचा हात लालभडक झाला होता. द्वारकाबाई समोरून आल्या, तिच्यापुढे उभ्या राहिल्या, कमरेच्या बटव्यातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं आणि म्हणाल्या, "हात वर कर माय." त्या बाईनं का कोण जाणे, केला. द्वारकाबाईंनी बाहीच्या आतल्या शिवणीचे चारदोन टाके उसवले, "घे आता दम," म्हणाल्या आणि आपल्या वाटेनं निघून गेल्या. ती बाई दंड चोळत बसली. मग मला म्हणाली, "कोन होती वो ही?" मला तरी कुठे ठाऊक होतं! पण तिच्या तोंडावर जे सुख पसरलं होतं ते बघून मला या ब्लेडवालीचा ठावठिकाणा काढावासा वाटला.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. नोकरी मिळत नव्हती, लग्न जमत नव्हतं, आणि आईच्या डोळ्यांत मी दिवसभर खुपत होते. मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत द्वारकाबाईंचा शिवणक्लास आहे असं कळल्यावर आईनंच मला तिथं नेऊन बसवलं. पुढची एक खोली, त्यात दाटीवाटीनं लावलेल्या मशिनी आणि भिंतीला दरवाजाएवढा आरसा. एवढा मोठा आरसा गावात न्हाव्याकडेही नव्हता. "छोट्या आरशात अर्धीच बाई दिसती," असं त्यांचं म्हणणं. कापसाच्या दिवसांत बैलगाड्यांची रांग त्यांच्या दारापर्यंत यायची आणि आम्ही शिवलेल्या प्रत्येक कपड्याला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे.

बाई स्वतः अंगानं चांगल्याच भरलेल्या होत्या. असं आडवळणानं लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. त्या जाड होत्या. एस.टी.त दोघांच्या बाकावर त्या एकट्या बसत आणि कंडक्टर तोंड उघडायच्या आत त्याला सांगत, "तिकीट एकच काढणार." कंडक्टर बिचारा काही म्हणणारही नसायचा.

त्या काळी आमच्याकडे बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धतच नव्हती. शिंपी पुरुष, त्यामुळे मापासाठी एक जुनं पोलकं पिशवीत घालून नवऱ्याच्या किंवा दिराच्या हाती पाठवायचं. शिंपी त्यावरून नवं शिवणार. आता बाई कोणतं पोलकं पाठवणार? जे त्यातल्या त्यात लहान, ते. लग्नातलं, नाहीतर पहिल्या बाळंतपणाच्या आधीचं. मोठं पाठवायचं तर शिंपी काय म्हणेल, आणि नेणारा नवरा काय म्हणेल! म्हणजे अंग पुढे गेलं तरी माप जागच्या जागी. अर्ध्या मानवतच्या बायका आपल्या विशीतल्या पोलक्यात श्वास कोंडून स्वयंपाक करत होत्या, पाणी भरत होत्या, लग्नकार्यात मिरवत होत्या. द्वारकाबाईंच्या दारातून अशी पिशवी आत येत नसे. "पोलकं राहू दे घरी. बाईला पाठव," असं सांगून त्या आणणाऱ्याला परत लावत.

क्लासातही त्यांचा एक कडक नियम होता. एकदा एका काकूंना ब्लाऊज घालून बघताना हुक लागेना. मी पटकन म्हणून गेले, "बाई, ह्यांना बसत नाही, ह्या फार जाड आहेत." लाकडी फूटपट्टी सटकन माझ्या बोटांवर बसली. "कापड कमी पडलं म्हणायचं. बाई जास्ती झाली म्हणायचं न्हाई." पट्टी खाऊन माझी बोटं सुजली, आणि काकूंची मान मात्र ताठ झाली.

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, काजं करता करता. त्यांच्या लग्नात सासरहून आलेलं पोलकं नणंदेच्या मापाचं निघालं. कोपराच्या वर चढेना. मांडवात सगळे खोळंबलेले. शेवटी बायकांनी ते मागून पूर्ण उसवलं, दोऱ्यांनी कसंबसं बांधलं आणि वर पदर गच्च लपेटून नवरीला उभं केलं. "अक्षता पडायलत्या आन् माझा हात वर होईना. हार घालायचा तर नवरदेवालाच वाकवलं." बाई हसल्या. मग सुई थांबवून म्हणाल्या, "सगळे म्हनले, पोरगी लय लाजरी हाय. लाजरी कशाची? पाठ उघडी होती माझी." वाकलेले ते यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. पहिली मशीन त्यांनीच आणून दिली, आणि मग ते लवकर गेले.

अशात परभणीच्या कापड व्यापाऱ्यांनी दिवाळीच्या तोंडावर वस्त्रसप्ताह भरवायचं ठरवलं. मुंबईच्या कुठल्याशा मिलची माणसं येणार होती. शेवटच्या दिवशी फॅशन परेड, आणि तीत गावोगावच्या शिवणक्लासची एकेक जण मुंबईचे तयार कपडे घालून चालणार. जिंतूरची एक, गंगाखेडची एक, मानवतची एक. आम्हाला निरोप आला की जी चालणार असेल तिचा मापाचा ब्लाऊज पाठवून द्या.

त्या दिवशी क्लासात कुणी शिवण शिवली नाही. आम्ही पोरी आळीपाळीनं आरशापुढे चालून बघत होतो. मी तेव्हा इतकी वाळकी होते की माझी निवड पक्की असं सगळ्यांनी धरलं होतं, मी तर सर्वांत आधी. बाईंनी कुणालाच विचारलं नाही. खुंटीवरचं स्वतःचं पोलकं काढलं, घडी केली, वर्तमानपत्रात बांधलं.

"बाई, तुम्ही चालणार?" मी विचारलं.

"का? मला पाय न्हाईत?"

मग मशीनवर बसत म्हणाल्या, "हे बघ सुमे, तिथं हॉल भरून बाया येतील. निम्म्या माझ्यावानी. त्यान्ला आपल्यासारखी एक तरी चालताना दिसू दे. न्हाईतर बारक्या पोरी बघून घरी जातील आन् परत पोट आवळून बसतील." त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या, पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि आता यांना कुणी अडवू शकणार नाही हे मला कळलं.

कंडक्टरच्या हाती गेलेलं पुडकं आठवडा व्हायच्या आत परत आलं. सोबत चिठ्ठी: घरातील वयस्कर बाईंचा ब्लाऊज चुकून आला आहे, मुलीचा पाठवावा. बाईंनी नवा कागद घेतला आणि तेच पोलकं पुन्हा बांधून पाठवलं. तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला गेला, गाड्या थांबल्या, कार्यक्रम पुढे ढकलला गेला आणि बाईंचं पोलकं परभणीत अडकून पडलं. गाड्या सुरू झाल्या तसं तेही परत आलं. या खेपेला चिठ्ठीसुद्धा नव्हती.

"पुन्हा पाठवू?" मी विचारलं.

"न्हाई. आता घालून जायचं."

परेडच्या दिवशी त्यांनी जांभळी इरकल नेसली, अंगात ते दोनदा परत आलेलं पोलकं, आणि मला घेऊन परभणीची एस.टी. धरली. नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या घोषणा वाटेतल्या भिंतींवर एकमेकींवर रंगवलेल्या होत्या. बाई त्या वाचत बसल्या होत्या.

हॉलच्या दारात व्यापाऱ्यांचे शेठजी आणि मुंबईचे साहेब उभे होते. शेठजींनी आमच्या मागे बघितलं. "बाई, मुलगी कुठंय तुमची?"

"मीच हाय."

"आणि मापाचा ब्लाऊज?"

"दोनदा पाठवला, दोनदा वापस केलात. या टायमाला बाईसकट आणलाय."

शेठजींना खोकला आला. साहेब मात्र फार सभ्य. म्हणाले, "ताई, गैरसमज करून घेऊ नका. कपडे मुंबईहूनच एका मापात येतात. शेवटी कपडा उठून दिसायला हवा ना?"

"कोनाच्या अंगावर?"

"म्हणजे?"

"तुमचं कापड घेणार कोन? ह्या बारक्या पोरी? ह्यान्ला बाप सणाला एक घेऊन देतो. कापड आमी घेतो साहेब. आन् जास्तीचं घेतो."

साहेब मनापासून हसले, आणि तरीही नाहीच म्हणाले. पहिल्या रांगेत मानाची खुर्ची देतो म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. "या चालतील की! यांना तयार करा." मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा. आत काय करायलेत ते बघून ये."

आत मला एक पिवळा झगा घातला. तो माझ्या खांद्यावरून सरळ खाली यायला निघाला. तेव्हा एका बाईनं मागून त्याचा बोचका धरला आणि माझ्या पाठीवर वरपासून खालपर्यंत टाचण्या मारल्या. जिंतूरच्या मुलीचं उलटं झालं होतं. तिची चेन अर्ध्यातच अडकली होती, म्हणून तिच्या पाठीवर ओढणी सोडली होती आणि "वळू नकोस, परतताना उलट्या पावली ये," असं तिला बजावलं होतं. पुढून बघणाऱ्याला आम्ही सगळ्या झकास दिसत होतो. मी झगा उतरवला, घडी करून ठेवला आणि बाहेर येऊन बाईंच्या शेजारी बसले. पाहिलेलं सगळं त्यांना सांगितलं.

"म्हंजे कोनालाच बसंना," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या खरोखर दुःखी झाल्या होत्या.

परेड झाली. टाळ्या झाल्या. जिंतूरची मुलगी सांगितल्याप्रमाणे उलट्या पावली परत गेली. मग क्लास चालवणाऱ्या बायकांचा सत्कार सुरू झाला आणि मानवतच्या द्वारकाबाईंचं नाव पुकारलं गेलं. बाई मंचावर गेल्या. शेठजींनी शाल पांघरली, हातात नारळ दिला. बाईंनी नमस्कार केला, शाल काढली, तिची नीट घडी घातली, नारळ तिच्यावर ठेवला आणि दोन्ही टेबलावर ठेवून दिलं. शेठजींना वाटलं, उकडत असेल. पण बाई खुर्चीकडे परतल्या नाहीत. हॉलच्या मधोमध परेडसाठी फळ्यांची वाट केली होती, लाल जाजम टाकून. त्या तिच्यावरून चालू लागल्या.

फळ्या करकरल्या. मागच्या बाजूनं पुरुषांतून शीळ आली. कुणीतरी काहीतरी ओरडलं, मला ते लिहायचं नाही. रेकॉर्ड लावणाऱ्यानं गडबडून पुन्हा गाणं सुरू केलं. बाईंना घाई नव्हती. बाजारात भाजी आणायला जाताना चालायच्या तशाच त्या चालल्या, फळ्या संपल्या तिथं थांबल्या आणि दोन्ही हात सरळ वर केले. बाही कुठे ओढली गेली नाही, पाठ कुठे उचलली गेली नाही.

"बायान्नो, नीट बघा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मी एवढी हाय. कुठं काचायलंय का?"

मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "न्हाई!" मागोमाग हशा उसळला. पण तो बाईंच्या बाजूचा होता. माझ्या मागच्या रांगेतली एक जाडजूड बाई तर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला रडू आलं. बाई तशाच चालत परत गेल्या आणि सगळ्यांदेखत मानाच्या खुर्चीवर बसल्या.

वर्तमानपत्रात फोटो बारक्या मुलींचाच आला. वस्त्रसप्ताह पुढे काही वर्षं भरला आणि मानवतला निरोप येणं बंद झालं. बाई दरवर्षी निरोप नसतानाही आपलं पोलकं पाठवायच्या. ते दरवर्षी परत यायचं. "कंटाळा येत नाही का हो?" मी एकदा विचारलं. "मला कशाला येईल? वापस ते करायलेत," त्या म्हणाल्या. पण परेडच्या दिवसापासून त्यांच्या दारात मापाचं पोलकं न आणता, रिकाम्या हातानं येणाऱ्या बायका वाढल्या. गंगाखेडहून, सेलूहून यायच्या आणि आरशापुढे जरा अवघडून उभ्या राहायच्या.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षी बाई आजारी पडल्या. मी लग्न होऊन सेलूला गेले होते. कळलं तशी आले, आणि दारातच थबकले. पोटाच्या दुखण्यानं त्यांना पार खाऊन टाकलं होतं. ज्या दंडाचा मार आमच्या बोटांनी खाल्ला तो माझ्या मुठीत मावला असता. डॉक्टरांनी हात टेकले होते. भेटायला बायका येत आणि त्यांतली एखादी हमखास म्हणे, "अगंबाई, बारीक झालात की! छान दिसायलात." ती गेली की बाई माझ्याकडे बघत. "मी मरायलेय सुमे, आन् ह्यान्ला मी आत्ता आवडायलेय."

त्यांनी मला माप घ्यायला लावलं. जुन्या पोलक्यांना शिवण घालून आवळू दिलं नाही, नवंच शिव म्हणाल्या. मी माप घेतलं आणि मुद्दाम बरंच सैल शिवलं. त्यांचं अंग पुन्हा भरेल असं मला वाटत होतं, निदान वाटायला हवं होतं. त्यांनी ते घातलं, खांद्यावरची घडी चिमटीत धरली आणि काढून माझ्या हातात दिलं. "हे कोनाचं? मी हाय तेवढं शिव."

मी रडत रडत पुन्हा कापड कापलं. या वेळी एक सूतही जास्त ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते अंगात घातलं, केस विंचरून घेतले आणि मला धरून दाराशी खुर्चीवर उन्हात येऊन बसल्या. शेजारच्या काकू पाण्याची घागर घेऊन निघाल्या होत्या. थांबल्या, कौतुकानं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "द्वारकाक्का, काय बारीक झालात वो! कशानं?"

बाईंनी दोन्ही हात हळूहळू वर उचलले. खूप वेळ लागला. "मरायलेय मी, ते राहू दे," त्या म्हणाल्या. "पोलकं बघ कसं बसलंय."