ताजा भात

दरवर्षी पावसाळ्यानंतर एक प्रात्यक्षिक येतं आणि दरवर्षी मी ते दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायला बघते. जमत नाही. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मुलं काचेच्या ताटलीत जंतू वाढवतात, दोनतीन दिवसांनी उघडतात, आणि आत रक्त शिंपडल्यासारखे लाल ठिपके आलेले असतात. मुलं हौसेनं फोटो काढतात. मी खिडकीबाहेर बघत उभी राहते.

ते ठिपके मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा नऊ वर्षांची होते. भर पावसाळ्यात, भातावर पाहिले.

आमच्या बोळात शेजारी अक्का राहायची. घरात कन्नड बोलायची, आमच्याशी मराठी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिच्या हातची शेंगाचटणी सगळा बोळ मागून न्यायचा. आईला तेव्हा दिवस गेले होते आणि पोटात काही टिकत नव्हतं, म्हणून अक्कानं स्टीलच्या वाटीतून तूप घातलेला मऊ भात पाठवला. आईला त्याचा वासही सोसेना. "तूच खा," म्हणाली. मऊ भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं, असं माझं ठाम मत होतं. मी वाटी मोरीजवळ माठाच्या मागं सारली, खेळायला पळाले आणि विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी ती आईला सापडली. भातावर लाल थेंब होते, ओले, चकचकीत.

"ह्यो भात कवाचा गं?" आईनं विचारलं.

अन्न वाया घालवलं की आमच्याकडं पाठीत धपाटा ठरलेला. मी म्हणाले, "आत्ताच पुन्हा दिला की अक्कानं."

एवढंच बोलले मी. शिळ्या भाताचं काहीही होतं, त्याचं कुणाला नवल नसतं. ताज्या भाताचं रक्त झालं तर त्याला आमच्या बोळात एकच शब्द होता, करणी.

आईनं भात पुरून टाकला आणि वाटी घासून माझ्याच हाती परत पाठवली. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे मला तिनंच शिकवलं होतं. त्या दिवशी तिनं काही घातलं नाही. अक्कानं वाटीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी पळाले.

आठ दिवसांनी आईचं बाळ पोटातच गेलं. आई एका बाईजवळ बोलली, त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, आणि महिनाभरात सगळा बोळ एका सुरात बोलायला लागला. अक्काची चटणी न्यायला कुणी येईना. बायका पोरांना तिच्या दारावरून हाताला धरून न्यायच्या. वर्षभरात ती कुर्डुवाडीला भावाकडं निघून गेली.

एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात मी ताटलीचं झाकण उघडलं आणि आत तेच लाल थेंब होते. सर सांगत होते, हा जंतू ओलाव्यात, भातासारख्या पिठूळ अन्नावर वाढतो. जास्त उष्णतेत त्याला रंग चढत नाही. म्हणजे मे महिन्यात मी ती वाटी लपवली असती तर भात नुसता आंबला असता. सर पुढं म्हणाले, हे जंतू थोडे असताना गप्प असतात. प्रत्येक जण एक रसायन थोडं थोडं बाहेर सोडत राहतो. ते पुरेसं साठलं की आपण किती आहोत हे सगळ्यांना कळतं, आणि मग सगळे मिळून लाल होतात. तो लाल पदार्थ शेजारच्या दुसऱ्या जंतूंना मारतो. वर्ग लिहून घेत होता. मला आमचा बोळ दिसत होता.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर तो भात खाल्लाही नव्हता. माझ्या घरात आजही रात्रीचा भात सकाळपर्यंत राहत नाही, आणि फोडणीच्या भातासाठी आमचे हे मला टोमणे मारतात. त्यांनासुद्धा मी कधी कारण सांगितलं नाही. आई होती तोवर माझ्याकडं सबब होती, तिला आता कशाला दुखवा. गेल्या वर्षी आई गेली आणि सबबही गेली.

मग मी कुर्डुवाडीला गेले. अक्का वाळून एवढीशी झाली होती, पण तिनं मला ओळखलं. बाहेरून चहा मागवला आणि बिस्किटाचा पुडा न फोडताच माझ्यापुढं ठेवला.

"तूच फोड. मी कुणाला हातचं देत न्हाय. माझा हात वाईट हाय."

मला वाटलं होतं, ती बोळाला शिव्या देत जगली असेल. ती तर बोळावर विश्वास ठेवून जगली होती.

मी सगळं सांगितलं. माठ, तीन दिवस, "आत्ताच". मोबाइलवर ताटलीचा फोटो दाखवला. ती फोटोकडं खूप वेळ बघत बसली.

"म्हंजे तुज्या आईचं बाळ माज्या हातानं न्हाय गेलं?"

"नाही अक्का."

"तुला हे कवा कळलं?"

"कॉलेजात असताना."

तिनं मनाशी हिशेब केला असावा. "ल्हान व्हतीस तवा खोटं बोललीस, त्याचं काय न्हाय. पण मोटी हून किती वर्सं झाली गं तुला?"

मला रडू आलं. तिला आलं नाही. ती उठली, आत गेली, आणि मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. बऱ्याच वेळानं ती मऊ भाताची वाटी घेऊन आली. वरून तूप घातलं होतं.

"आत्ताच केलाय," ती म्हणाली. "खा. माज्यासमोर खा."

मी खायला लागले. अक्का समोर बसली. ती माझ्याकडं बघत नव्हती. शेवटचा घास संपेपर्यंत तिची नजर वाटीवरून हलली नाही. भात लाल होतो का, ते ती बघत होती.