लेखी द्या, साहेब

कोणी साहेब तोंडी हुकूम सोडायला लागला की ताई आधी वही पुढे सरकवायची, मग पेन. "लेखी द्या, साहेब." बहुतेक हुकूम तिथेच विरायचे. तुमच्याही कंपनीत अशी एखादी असेल तर तिला जपा. आम्ही जपली नाही.

चाकणला आमचा ब्रेकचे भाग बनवणारा कारखाना. तिथले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात. सांगवीच्या जुन्या गावकऱ्यांतली. स्कूटरवरून यायची, आणि मीटिंगमध्ये बाकीचे इंग्रजी फाडत असताना खुशाल "न्हाई जमायचं" म्हणायची. मी देखभाल विभागाचा सुपरवायझर. मला तिच्या तोंडाची गंमत वाटायची आणि थोडी धास्तीही.

आमच्याकडे गळती तपासणाऱ्या तीन जुन्या मशिनी होत्या आणि त्यांच्यावर पाच बायका. प्रत्येक मशीन तपासणीची मापं नेटवर्कवरून आपापल्या जुन्या कॉम्प्युटरला पाठवायची. त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घरनंबर, मशिनीत कायमचा बसवलेला, आणि मशिनी बनवणारी कंपनीच बंद पडलेली. मग तो बदलणार कोण? तिन्ही कॉम्प्युटर आचके द्यायला लागले तेव्हा प्लांटचे साहेब म्हणाले, मशिनी भंगारात काढा, आपोआप चालणारी नवी आणू. बायकांचं काय, हे फक्त ताईने विचारलं.

तिच्याकडे लिनक्सचा एक सर्व्हर होता, त्याला नेटवर्क कार्ड एकच. तिने जुने कॉम्प्युटर बंद केले आणि त्यांचे तिन्ही पत्ते त्या एका कार्डाला देऊन टाकले. त्याचा स्वतःचा धरून चार. मशिनी जुन्याच पत्त्यांवर मापं पाठवत राहिल्या आणि ती सगळी एका जागी येऊ लागली.

"एका कार्डाला चार पत्ते? हा काय जुगाड?" साहेब भडकले.

"जुगाड कशाचा? लिनक्समधीच सोय हाय ती. आमच्या दारावर चार भावांच्या चार पाट्या हायत. पोस्टमन कदी चुकला न्हाई."

आठवडाभर सुरळीत चाललं. गुरुवारी सुट्टी, वीज बंद. शुक्रवारी सकाळी सर्व्हर चालू झाला आणि तिन्ही मशिनी गप्प. साहेबांनी लगेच मीटिंग बोलावली.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा की भाऊ, आठ दिस कशा चालल्या त्या."

मी चहाच्या कपात बघत बसलो. ते अजून सलतं.

मग तीच म्हणाली, "चूक माझी हाय. पत्ते कमांडनं दिलं, सेटिंगच्या फायलीत लिवलंच न्हाईत. सर्व्हर बंद झाला आन् समदं इसरला." सगळ्यांकडे लेखी मागणारी बाई स्वतःच लिहायला विसरली होती. साहेब हसले. ती नाही. तिने जागच्या जागी फाईल उघडली, पत्ते लिहिले आणि साहेबांना सर्व्हरपाशी नेलं.

"आता बंद करा. तुमच्या हातानं."

साहेबांनी बंद करून चालू केला. चारही पत्ते जागेवर.

"परत करा." तीनदा करायला लावलं. मशिनी राहिल्या, बायकाही राहिल्या.

साहेबांनी मात्र ते मनात ठेवलं. वर्षभरात तिची दूरच्या प्लांटला बदली केली. तिने सवयीने वही सरकवली, आणि या वेळी त्यांनी खरंच लिहून दिलं. "अक्षर बरं हाय की," ताई म्हणाली आणि त्याच कागदावर खाली राजीनामा लिहिला. आम्ही कोणी उठलोसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात नवे साहेब आले. त्यांनी सर्व्हरची ती फाईल उघडायला लावली. "एका कार्डाला चार पत्ते कशाला? तीन काढून टाका."

पत्त्यांच्या वर ताईने एक ओळ लिहून ठेवली होती: "हे पत्ते मी दिले आहेत. काढायचे असतील तर आधी इथे स्वतःचं नाव लिहा." खाली कोणाचंच नाव नव्हतं.

काचेपलीकडे मशिनी चालू होत्या. पाचपैकी चौघी अजून त्यांच्यावरच आहेत. मी वही पुढे सरकवली. मग पेन.

"लेखी द्या, साहेब."